अकरा वर्षं चार महिने

“आणि आता कशा आहेत त्या?” मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. काकांनी नुकतंच सांगून संपवलं होतं, की त्यांनी आपली एक किडनी बायकोला दिली, तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा कामावर रुजू झाले, आणि ती किडनी अकरा वर्षं चार महिने चालली. त्या ‘चालली’पाशी आजवर कोणी अडलं नव्हतं. अकरा वर्षं म्हटल्यावर माणसं खूश होत, एकमेकांकडे बघत आणि पुढचं विचारायचं विसरून जात. या बाई विसरल्या नाहीत.

“बरी आहे,” काका म्हणाले.

टेबलापाशी प्लॅस्टिकची किडनी डब्यात भरणाऱ्या मॅडमचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. मागच्या बाईंनी मात्र मान डोलावली, शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या गुडघ्यावर हळूच थोपटलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

डायलिसिस विभागाला लागून असलेल्या त्या खोलीत दर गुरुवारी सकाळी हा वर्ग भरायचा. पंधरा-वीस खुर्च्या, एक फळा आणि भिंतीपलीकडून येणारा मशीनचा आवाज. मॅडम ट्रान्सप्लांट विभागाच्या समन्वयक होत्या. किडनी कोण देऊ शकतं, कोणत्या तपासण्या होतात, नातेवाइकांत कोणी जुळलं नाही तर मृत दात्याची किडनी मिळण्यासाठी यादीत नाव कसं घालायचं, हे सगळं त्या फळ्यावर लिहून समजावत. मग काका उभे राहत. त्यांचं काम एवढंच, की देणारा माणूस दिसतो कसा ते लोकांना दाखवायचं. नोकरीत असताना ते घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचत, म्हणून सगळे त्यांना मीटरवाले काका म्हणत. “एका किडनीवर रोज चाळीस-पन्नास जिने चढलोय, हवं तर मोजून घ्या,” असं ते सांगत आणि खोलीत जरा हशा पिकत असे. रिपोर्टमधलं क्रिएटिनिन म्हणजे काय हे त्यांच्याइतकं सोपं मॅडमनाही सांगता येत नसे. “ते मीटर आहे. आकडा वाढला की समजायचं, आत कुठेतरी तुंबलंय. मीटरवर रागावून उपयोग नाही.”

लोक पांगल्यावर मॅडमनी दार लोटून घेतलं.

“काका, हे काय बोललात?”

“गेलं तोंडातून.”

“मी तुम्हाला कधी म्हटलंय का, की चांगलं तेवढंच सांगा?”

“कधीच नाही.”

“ती बाई नवऱ्याला किडनी देणार आहे. तपासण्या जवळजवळ झाल्यात. तुमच्याकडे बघून ती मनाची तयारी करतेय.” मॅडम काकांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण रागावल्या की शाळेतल्या बाईंसारख्या हळू बोलत. “पुढच्या गुरुवारी तुम्ही स्वतः दुरुस्त करा. मी करणार नाही.”

काकांनी मान हलवली. फळा पुसला. खरं तर फळा पुसायचं काम त्यांचं नव्हतं.

*

बायको गेल्याला चार वर्षं व्हायला आली होती. गेल्यानंतर सहा महिन्यांनी उरलेल्या गोळ्यांची पिशवी परत करायला ते विभागात आले, कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून. उघडलेली पाकिटं घेता येत नाहीत, हे मॅडमनी समजावून सांगितलं आणि काकांचा चेहरा बघून त्यांना बसवून घेतलं. त्या दिवशी बोलता बोलता काका तासभर बोलले. उठताना मॅडम म्हणाल्या, “गुरुवारी येता का? हेच बोलायचंय.”

हेच म्हणजे सगळंच, हे काकांनाही कळलं होतं. पण खोलीत उभं राहिलं की भिंतीपलीकडचं मशीन ऐकू यायचं, समोर सुजलेल्या पायांची, हातावर पट्ट्या बांधलेली माणसं बसलेली असायची, आणि ‘ती वारली’ म्हणायला जीभ वळायची नाही. मग त्यांनी ‘चालली’ हा शब्द शोधून काढला. तो खोटा नव्हता. त्यावर साडेतीन वर्षं निभावली होती.

रविवारी सकाळी काका भांडी विसळत असताना बेल वाजली. दारात गुरुवारच्या त्या बाई उभ्या. हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं.

“मीटरवाले काका कुठे राहतात म्हणून एकाला विचारलं, तर चौघांनी सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मागच्या गल्लीत आमची गिऱ्हाइकं आहेत. म्हटलं, कपडे पोचवता पोचवता तुमच्या मिसेसना भेटून जावं. पाच मिनिटं. काही गोष्टी वर्गात विचारता येत नाहीत, बाईनं बाईलाच विचारायच्या असतात.”

“या, बसा,” काका म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. “पाणी आणतो.”

स्वयंपाकघरात त्यांनी पेला भरला आणि ओट्याला टेकून उभे राहिले. मुलीकडे गेली आहे, असं सांगता आलं असतं. मुलगी खरोखरच दुसऱ्या गावी होती. महिनाभर तरी परतायची नाही, असंही सांगता आलं असतं. तेवढ्यात बाईंचं ऑपरेशन होऊन गेलं असतं. हे सगळं इतकं पटापट सुचत गेलं, की काकांना स्वतःचीच भीती वाटली.

ते बाहेर आले तेव्हा बाई गॅलरीकडे बघत होत्या.

“काका, बावीस वर्षं मी लोकांचे कपडे हाताळतेय,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “दोरीवर एकाच माणसाचे कपडे आहेत.”

काकांनी पेला टेबलावर ठेवला.

“किती दिवस झाले?”

“चार वर्षं होतील येत्या महिन्यात.”

बाई खुर्चीवर बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं, जणू आता लगेच उठायचंय. बराच वेळ त्या गाठीशी चाळा करत राहिल्या.

“माझ्या आईनं अन्नपाणी सोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “एका आजाऱ्याचे दोन होऊ देणार नाही म्हणाली, जावयाच्या पायी तूही अंथरूण धरशील म्हणाली. गुरुवारी रात्री जेवली. का माहितेय? मी सांगितलं, आई, एक बाई आहेत, त्यांच्या नवऱ्यानं दिली, आज बारा-पंधरा वर्षं झाली, दोघं ठणठणीत आहेत. पोरीला पण तेच सांगितलं. दहावीला आहे ती.”

“माझं चुकलं.”

“चुकलं म्हणून झालं? आता मला कळत नाही, बाकीचं तरी खरं होतं की नाही. ते जिने वगैरे.”

त्या शेवटच्या वाक्यानं काका हलले. त्यांनी कपाट उघडून फाइल काढली, जाडजूड, दोरी बांधलेली. बाईंसमोर ठेवली आणि स्वतःही बसले.

“जिने खरे आहेत. तिसऱ्या महिन्यात कामावर गेलो ते खरं. माझे रिपोर्ट दर वर्षी होतात, हे बघा, या वर्षीचे. एकदा मूतखड्यासारखं दुखलं म्हणून घाबरलो होतो, ते गॅसचं निघालं. ऑपरेशननंतर महिनाभर डाव्या कुशीवर झोपता यायचं नाही. जखमेच्या कडेला अजूनही बधीर लागतं. हे वर्गात सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. विचारलंत तर सांगेन.”

“आणि त्यांचं?”

“नववं वर्ष सरेपर्यंत उत्तम. गोळी एकदाही चुकवली नाही तिनं. घड्याळ लावून घ्यायची. मग आकडा हळूहळू वर जायला लागला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, कोणाची चूक नाही. दोन वर्षं गोळ्या बदलून ताणलं. मग पुन्हा मशीन. आठ महिने मशीनवर होती, त्यात छातीत जंतुसंसर्ग झाला. बारा दिवस दवाखान्यात होती.”

बाईंनी आता गाठोडं खाली ठेवलं.

“तुम्हाला राग नाही आला? आपण दिलेलं असं गेलं म्हणून?”

हा प्रश्न काकांना आजवर मुलीनंही विचारला नव्हता.

“एक दिवस आला,” ते म्हणाले. “कोणावर ते कळेना. म्हणजे तिच्यावर नाही. पण ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की आता ही चालायची नाही, त्या दिवशी आम्ही दोघं बाहेर पडलो. फाटकापाशी ती मला म्हणाली, ‘तुमची वस्तू होती, माझ्याच्यानं सांभाळली गेली नाही.’”

“अगं बाई,” बाई अगदी हळू म्हणाल्या.

“मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘तू थांब, मी रिक्षा बघतो.’” काका फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होते. “बोलायचं होतं. काय बोलायचं तेही ठाऊक होतं. रिक्षा मिळाली, आम्ही घरी आलो, मग काही ना काही निघत गेलं आणि ते राहूनच गेलं.”

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन लांब गेली.

“मी आता काय करू, काका?”

“ते मला नका विचारू. तुम्ही द्या असंही म्हणणार नाही, नका देऊ असंही नाही. मॅडमना सगळं पुन्हा विचारा, माझं सांगून विचारा. आणि एक, हेही मी नीट सांगितलं नव्हतं. तुमच्या मनात नसेल तर एकटीनं डॉक्टरांना भेटा. ते कारण कोणालाच सांगत नाहीत. घरच्यांना एवढंच कळवतात, की यांची किडनी घेता येणार नाही. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता.”

“मग घरी मी खोटा चेहरा करून बसू? ते मला जमत नाही,” बाई म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली.

बाईंनी पेला उचलला, सगळं पाणी प्यायल्या आणि उठल्या. दारात थांबल्या.

“माझ्या माणसाला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. गुरुवारी मी पुढच्या रांगेत बसते.”

*

गुरुवारी त्या खरंच पुढे बसल्या. शेजारी नवरा. तो बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक होता. दोन वर्षं मशीनवर असूनही जमेल तेवढा कामावर जायचा, त्याच्या नखांतलं काळं अजून गेलं नव्हतं. मॅडमचं सांगून झालं. काका उठले. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला, उघडला, आणि न वाचताच पुन्हा घडी करून ठेवला.

“मागच्या वेळी मला विचारलं होतं, माझी बायको कशी आहे. मी सांगितलं, बरी आहे. ते खोटं होतं. ती चार वर्षांपूर्वी वारली.”

काकांनी मग रविवारी बाईंना सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं सांगितलं. नववं वर्ष, आकडे, मशीन, बारा दिवस. रिक्षाचं मात्र सांगितलं नाही. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

मेकॅनिक हाताची घडी घालून ऐकत होता.

“म्हणजे वॉरंटी नाही,” तो म्हणाला.

“नाही,” काका म्हणाले.

“आम्ही पण देत नाही. इंजिन उतरवून नवीन बसवलं तरी नाही. ड्रायव्हर कसा निघेल, रस्ता कसा निघेल, काय सांगावं.” दोन-चार जण हसले. मग तो गंभीर झाला. “पण काका, एक विचारतो, खरं सांगा. आता एवढं सगळं झाल्यावर, पुन्हा ती वेळ आली, तर द्याल?”

मॅडमनी काकांकडे पाहिलं. याचं उत्तर कोणत्याही पुस्तिकेत नव्हतं.

“सांगतो,” काका म्हणाले. “ऑपरेशनआधी मशीनवर होती तेव्हा दिवसाला किती पाणी चालेल, ते तिनं बाटलीवर रेघ मारून ठेवलं होतं. तुम्हाला माहीतच आहे. ऑपरेशननंतर घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात उभ्यानं एक पेलाभर पाणी प्यायली. मग दुसरा. मला वाटलं, आता थांबेल. तिसरा घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काय बघताय? दिलीत ना? मग आता मोजू नका.’”

यावर मशीनवाले सगळे हसले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रुमालानं तोंड पुसलं.

“आजारी होती ना, तेव्हा भांडायची नाही. मी काही म्हणालो तरी ‘असेल’ म्हणायची. मला त्या ‘असेल’ची धास्ती बसली होती. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात, मी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ती अर्धा तास बोलली. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. तेव्हा मला पटलं, की किडनी बसली. डॉक्टर तर कधीचे सांगत होते.” काकांचा आवाज आता मोकळा झाला होता. “शाळेच्या वाचनालयात होती, ती नोकरी सोडावी लागली होती. पुन्हा लागली. मुलीच्या बाळंतपणात दीड महिना तिच्याकडे राहून आली, एकटी गेली, एकटी आली. आणि काही विसरली की म्हणायची, ‘तुमची किडनी आल्यापासून मी पण विसराळू झाले.’ घोरायला लागली तरी माझ्याच किडनीचं नाव.”

ते थांबले.

“अकरा वर्षं चार महिने. मला चाळीस हवी होती. पण तुम्ही विचारलंत, पुन्हा द्याल का. आज दुपारी देईन.”

मेकॅनिकनं मान हलवली. बायकोकडे मात्र पाहिलं नाही.

“अहो, इकडे बघा,” बाई म्हणाल्या.

त्यानं पाहिलं.

“माझं ठरलंय. रविवारीच ठरलं होतं. पण तुम्ही हे ऐकल्याशिवाय सांगायचं नव्हतं. मागून म्हणाल, आधी का नाही सांगितलं.”

“मी तुला दे म्हणालो नाही,” मेकॅनिक पुटपुटला.

“म्हणूनच देतेय. म्हणाला असतात तर विचार केला असता.”

खोलीभर हसू पसरलं. मॅडमही हसल्या आणि फळ्याकडे वळून काहीतरी पुसू लागल्या. फळा आधीच कोरा होता.

*

तारीख मिळायला आणखी अडीच महिने गेले. बाईंची साखर जरा वर आली, ती खाली आणावी लागली. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं. नवऱ्यानं जबरदस्ती केली का, यावर बाई म्हणाल्या, “त्यांनी? त्यांना घरात पंख्याचा वेग वाढवायलाही मला विचारावं लागतं.” समितीतले एक जण खाली बघून लिहीत राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते.

ऑपरेशनच्या सकाळी बाईंची आई आणि मुलगी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. काका त्यांच्याजवळ जाऊन बसले. आईला आता खरी हकीकत माहीत होती. बाईंनीच सांगितली होती. त्या माउलीनं काकांशी चार तासांत एक शब्द काढला नाही. नवऱ्याच्या अंगात किडनी बसली आणि लघवी लगेच सुरू झाली, असं डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, तेव्हाही नाही. मुलीनं काकांना घट्ट मिठी मारली. आईनं फक्त आपल्या पिशवीतलं अर्धं सफरचंद काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी काका भेटायला गेले तेव्हा बाई वॉर्डात फेऱ्या मारत होत्या, पोटाशी हात धरून, पाऊल मोजत.

“खोकला आला की जीव जातो,” त्या म्हणाल्या.

“उशी धरायची पोटाशी, घट्ट. मग खोकायचं. आणि उठताना कुशीवर वळून उठायचं, सरळ नाही.”

“हे वर्गात सांगत जा की.”

“सांगेन.”

“आज त्यांना बघायला सोडणार आहेत म्हणे. चला माझ्याबरोबर. मला एकटीला पडेन असं वाटतं.”

दोघं निघाले. वॉर्डापासून नवऱ्याला ठेवलेली काचेची खोली साठ-सत्तर पावलांवर होती. त्यांना पंधरा मिनिटं लागली. वाटेत दोनदा थांबले. काकांनी त्यांना धरलं नाही, फक्त त्यांच्या चालीनं चालत राहिले.

दारापाशी नर्सनं बाईंना मास्क बांधला, हात धुवायला लावले आणि आत सोडलं. काका काचेबाहेर उभे राहिले. आत मेकॅनिक उशांना टेकून बसला होता. बायको दिसल्यावर त्यानं उठायचा प्रयत्न केला, तिनं हातानंच दटावलं. मग ती पलंगाशेजारी, त्याच्यापासून हातभर अंतरावर, हळूहळू बसली. तो काहीतरी म्हणाला. तीही काहीतरी म्हणाली, बराच वेळ बोलत राहिली. मास्कमुळे ओठ दिसत नव्हते, आवाज काचेपलीकडे येत नव्हता. मेकॅनिक मधेच डोळे पुसत होता आणि मान हलवत होता.

“बाबा, इथं उभं राहता येत नाही,” नर्स बाहेर येऊन म्हणाली. ती नवीन होती. “भेटीची वेळ संपली. तुम्ही कोण पेशंटचे?”

“कोणी नाही,” काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “मी पण डोनर आहे.”

नर्सनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. आत जाऊन तिनं एक स्टूल आणलं आणि काचेसमोर ठेवलं. काका बसले.